गोठ्यात बैल की गोठ्यातले बैल?

माण-खटावकडच्या एखाद्या वस्तीवर आजोबांनी दहा वर्षांच्या नातवाला सांगितलं, “गोठ्यातले बैल बांध,” तर पोरगं सरळ गोठ्यात शिरतं. बैल तिथंच मोकळे आहेत, त्यांना दावं लावायचं, एवढं त्याला कळलेलं असतं. “गोठ्यात बैल बांध,” म्हटलं तर तेच पोरगं आधी रानाकडे बघतं. बैल बाहेर आहेत, त्यांना आणून आत बांधायचं. दोन हुकमांत फरक एका अक्षराचा, ‘ले’ एवढाच. तो कुणी शिकवलेला नसतो आणि चुकतही नाही.

हेच पोरगं पुढे नववीत जातं. इंग्रजीच्या तासाला फळ्यावर ‘टाय द बुलक्स इन द शेड’ असं वाक्य येतं आणि ते अडखळतं. सर विचारतात, अर्थ सांग. पोरगं गप्प. त्याचं इंग्रजी कच्चं आहे, असं वर्गाला वाटतं, सरांना वाटतं, हळूहळू त्यालाही वाटू लागतं. खरं तर ते वाक्यच दोन तोंडांचं आहे. बैल गोठ्यात न्यायचे की गोठ्यात आहेत तेच बांधायचे, हे त्या ‘इन द शेड’मधून कळायला मार्ग नाही. आजोबांच्या मराठीत जो ‘ले’ होता, तो इंग्रजीत नाही.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत सध्या इंग्रजीची धास्ती आणि इंग्रजीची हौस दोन्ही सारख्याच जोरात आहेत. पालक इंग्रजी माध्यमाच्या बसची वाट बघत सकाळी फाट्यावर उभे असतात, आणि मराठी शाळा पट टिकवण्यासाठी ‘सेमी’चा फलक लावतात. या धांदलीत एक साधी गोष्ट मागे पडली आहे. इंग्रजी वाक्याची गाठ सोडवायचं सगळ्यात हाताशी असलेलं हत्यार मुलाच्या मराठीत आहे, आणि इंग्रजीच्या तासाला तेच आपण दाराबाहेर ठेवायला लावतो.

शाळेत प्रिपोझिशन शिकवायची एक ठरलेली रीत आहे. इन म्हणजे मध्ये, ऑन म्हणजे वर, फ्रॉम म्हणजे पासून, विथ म्हणजे सह. तक्ता पाठ झाला की धडा संपला. मराठीत या शब्दांना आपण शब्दयोगी अव्ययं म्हणतो, कारण ती शब्दाला जोडून येतात: टेबलावर, झाडाखाली, घरासमोर. तक्त्यातून त्या छोट्या शब्दाचा अर्थ कळतो. पण ‘ऑन द टेबल’ हे सगळं मिळून वाक्यातल्या कुणाला चिकटलं आहे, क्रियापदाला की शेजारच्या नामाला, हे तक्ता सांगत नाही. आणि वाक्याचा अर्थ फिरतो तो नेमका तिथे.

मराठीला हा प्रश्न सहसा पडत नाही, कारण तिने त्यावर फार जुना इलाज करून ठेवला आहे. ‘टेबलावर’ हे क्रियापदाचं सांगतं, ‘टेबलावरचं’ हे नामाचं सांगतं. रानात आणि रानातला, घरी आणि घरचा, ओढ्यापलीकडे आणि ओढ्यापलीकडचा. ‘चा’, ‘ला’ किंवा लिखाणातला ‘ील’ लागला की अव्ययाचं विशेषण होतं आणि ते मुकाट्याने नामाच्या मागे जाऊन उभं राहतं. आठवीच्या मुलांना याचं नाव पाठ असतं: अव्ययसाधित विशेषण. उदाहरणंही पाठ असतात, वरचा मजला, मागील दार, पुढची गल्ली. दोन गुणांचा प्रश्न म्हणून ते लिहून टाकलं जातं, आणि पुढच्याच तासाला इंग्रजीच्या पुस्तकात त्याचीच गरज पडते तेव्हा दोन्ही विषयांच्या वह्या वेगळ्या असतात.

साताऱ्यात कुठेही उभं राहिलं तरी अजिंक्यतारा दिसतो, म्हणून उदाहरण त्याचंच घेऊ. ‘द बॉय सॉ द ओल्ड मॅन ऑन अजिंक्यतारा विथ अ टेलिस्कोप.’ दिसायला बालवाक्य. पण याचे अर्थ किती? मुलाने अजिंक्यताऱ्यावर म्हाताऱ्याला दुर्बिणीने पाहिलं, हा एक. मुलगा खाली पोवई नाक्यावर उभा आहे आणि त्याने अजिंक्यताऱ्यावरच्या म्हाताऱ्याला दुर्बिणीने पाहिलं, हा दुसरा. अजिंक्यताऱ्यावरच्या दुर्बीणवाल्या म्हाताऱ्याला पाहिलं, हा तिसरा. इथे मुलाचे हात रिकामे आहेत. दुर्बीण माणसांची नसून गडावरच बसवलेली असेल, तर आणखी दोन: दुर्बीण असलेल्या अजिंक्यताऱ्यावर मुलाने म्हाताऱ्याला पाहिलं, आणि दुर्बीण असलेल्या अजिंक्यताऱ्यावरच्या म्हाताऱ्याला मुलाने पाहिलं.

पाच झाले. इंग्रजीत पाचांनाही एकच वाक्य, अक्षराचा फरक नाही. मराठीत पाच अर्थांना पाच वाक्यं. शिवाय ‘विथ’ या एका शब्दाला मराठीने किती वाटा फोडल्या ते बघावं: हत्यार असेल तर ‘ने’, सोबत असेल तर ‘सह’ किंवा ‘बरोबर’, मालकी असेल तर ‘वाला’ किंवा ‘असलेला’. ‘विथ म्हणजे सह’ एवढंच पाठ केलेलं मूल ‘दुर्बिणीसह पाहिलं’ असं लिहितं. आपण त्याला हसतो.

अशा वाक्यात आणखी एक तुकडा जोडला, समजा ‘इन द मॉर्निंग’सारखा, तर व्याकरणाच्या हिशेबाने अर्थ चौदा होतात, आणखी एक जोडला तर बेचाळीस. हा आकडा हवेतला नाही. अमेरिकेतल्या एमआयटीतले केनेथ चर्च आणि रमेश पाटील यांनी १९८२ मध्ये एका निबंधात दाखवून दिलं की अशा वाक्यांचे अर्थ २, ५, १४, ४२, १३२ या गतीने वाढत जातात. गणितात त्यांना कॅटलान संख्या म्हणतात. माणूस यातले बहुतेक अर्थ मनात येण्याआधीच झटकून टाकतो. यंत्राला तसं झटकता येत नव्हतं, म्हणून संगणकाला इंग्रजी शिकवणाऱ्यांना या प्रश्नाने कित्येक वर्षं छळलं.

बारा वर्षांनी, १९९४ मध्ये, अद्वैत रत्नपारखी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी याच एका प्रश्नावर काम केलं. रत्नपारखी आडनावाच्या माणसाने वाक्यं पारखायला बसावं हा योगही गमतीचा. त्यांनी अमेरिकेतल्या वॉल स्ट्रीट जर्नल या दैनिकातली हजारो वाक्यं घेतली आणि संगणकाला विचारलं, हा प्रिपोझिशनचा तुकडा क्रियापदाचा की नामाचा? यंत्राची सुमारे ८१.६ टक्के उत्तरं जुळली. पण खरी बातमी माणसांची होती. वाक्यं फोडण्यात मुरलेल्या तज्ज्ञांना नुसते चार शब्द दिले, म्हणजे क्रियापद, कर्म, प्रिपोझिशन आणि त्याच्यापुढचं नाम, तेव्हा त्यांची ८८.२ टक्के उत्तरं जुळली. अख्खं वाक्य समोर ठेवलं तेव्हा ९३.२. म्हणजे ज्यांचा हा पोटापाण्याचा उद्योग, ज्यांच्यापुढे पूर्ण वाक्य आहे, त्यांचंही शंभरातल्या सातेक ठिकाणी जुळेना. नववीतल्या पोराला फळ्यापुढे उभं करण्याआधी हा आकडा शिक्षकाने एकदा आठवावा.

हे सगळं भाषेच्या अभ्यासकांचं कौतुक आहे, सामान्य माणसाला त्याचं काय, असं कुणी म्हणेल. त्याने कोर्टाची पायरी चढून बघावी.

महाराष्ट्र सरकार पक्षकार असलेला एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. त्याचा निकाल १९७९ च्या निवाड्यांच्या संग्रहांत छापलेला आहे. विषय होता औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४०. परवान्याशिवाय कुणी काय केलं तर गुन्हा होतो, ते सांगताना कायदा तेव्हा म्हणत होता: ‘मॅन्युफॅक्चर्स फॉर सेल, सेल्स, स्टॉक्स ऑर एक्झिबिट्स फॉर सेल ऑर डिस्ट्रिब्यूट्स’. इथे ‘फॉर सेल’ हे दोन शब्द कुणाचे? फक्त ‘एक्झिबिट्स’चे असतील, तर औषध नुसतं साठवलं तरी गुन्हा झाला, मग ते विकायचं असो वा नसो. ‘स्टॉक्स’चेही असतील, तर ते विकण्यासाठीच साठवलं होतं हे सरकारला सिद्ध करावं लागणार. न्यायालयाने स्वल्पविराम मोजले. ‘स्टॉक्स’च्या पुढे स्वल्पविराम नाही, म्हणून ‘स्टॉक्स ऑर एक्झिबिट्स फॉर सेल’ हा एकच अखंड तुकडा आहे, आणि औषध नुसतं जवळ सापडलं एवढ्याने भागणार नाही, तो साठा विक्रीसाठी होता हे दाखवायला हवं, असा अर्थ न्यायालयाने लावला. माणसाने तुरुंगात जायचं की नाही हा प्रश्न ‘विक्रीसाठी’ हा शब्द कुठे चिकटतो, यावर येऊन ठेपला होता.

मराठीत हा मजकूर दोन तऱ्हांनी लिहून बघावा. ‘साठवतो, किंवा विक्रीसाठी मांडतो’ आणि ‘विक्रीसाठी साठवतो किंवा मांडतो’. पहिल्यात साठवण मोकळीच राहते. दुसऱ्यात ‘विक्रीसाठी’ आधी येऊन बसला आहे, त्यामुळे साठवणीला त्याने धरलंच आहे. शंका उरली तर ‘मांडतो’ला त्याने धरलं की नाही एवढीच. मराठीने गोंधळ पुरता मिटवला असं नाही, पण ज्या गोंधळावर खटला उभा राहिला तो तरी उरला नाही.

अमेरिकेत मेन राज्यातल्या एका डेअरीच्या गाडीवानांनी याच जातीच्या तीन-चार शब्दांवर लाखोंचा दावा जिंकला. सांगलीच्या वाचकाला दुधाच्या गाड्यांचं वेगळं सांगायला नको. ओकहर्स्ट डेअरीचे चालक दूध पोचवायचे आणि जादा तासांचा पगार मागायचे. तिथला कायदा म्हणत होता की काही कामांना जादा तासांचा नियम लागू नाही. त्या यादीच्या शेवटी होतं ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’. कंपनी म्हणाली, यात दोन कामं आहेत: पाठवणीसाठी बांधाबांध, आणि वाटप. चालक म्हणाले, काम एकच, बांधाबांध. ती पाठवणीसाठी असो की वाटपासाठी. आम्ही काही बांधत नाही, आम्ही गाडी चालवतो. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने चालकांच्या बाजूने कौल दिला आणि पुढच्या वर्षी पन्नास लाख डॉलरवर तडजोड झाली. ‘शिपमेंट’नंतर एक स्वल्पविराम असता तर कंपनीचे पैसे वाचले असते. मराठी मसुदा लिहिणाऱ्याला ‘पाठवणीसाठी किंवा वाटपासाठी बांधणे’ आणि ‘पाठवणीसाठी बांधणे किंवा वाटप करणे’ यांतलं एक निवडावंच लागलं असतं. दोन्हींच्या मधलं वाक्य मराठीत लिहायचं म्हटलं तरी जमत नाही.

आणि एक प्रकरण जिवावरचं. आयर्लंडचा रॉजर केसमेंट याच्यावर १९१६ मध्ये लंडनला राजद्रोहाचा खटला चालला. कायदा १३५१ सालचा, नॉर्मन फ्रेंचमधला. राजाच्या शत्रूंना त्याच्या राज्यात सामील होणं, त्यांना राज्यात ‘किंवा अन्यत्र’ मदत करणं, असा त्याचा मजकूर. केसमेंटने जे केलं ते जर्मनीत केलं होतं. ‘किंवा अन्यत्र’ हे शब्द फक्त मदतीला लागतात, सामील होण्याला नाही, असा त्याच्या वकिलाचा युक्तिवाद. तो फेटाळला गेला आणि ३ ऑगस्ट १९१६ ला केसमेंट फासावर गेला. आपल्याकडे ‘ध’चा ‘मा’ करायला निदान कुणाचा तरी हात लागतो. इथे अक्षरही बदललं नव्हतं.

भारतात हा प्रश्न इंग्रजी बोलणाऱ्यांपुरता राहत नाही. राज्यघटनेचा अनुच्छेद ३४८ सांगतो की संसद वेगळी तरतूद करेपर्यंत कायद्यांचे अधिकृत पाठ इंग्रजीत असतील. राज्याने आपल्या भाषेत कायदा केला तरी राजपत्रातलं त्याचं इंग्रजी भाषांतर हाच अधिकृत इंग्रजी पाठ धरला जातो. जत किंवा आटपाडीच्या शेतकऱ्याने आयुष्यात इंग्रजीचा एक शब्द उच्चारला नसेल, तरी त्याच्या जमिनीचं भांडण वर गेलं की कुठला तरी ‘फॉर’ कुठे चिकटतो यावर ते येऊ शकतं.

त्या घटनेच्या मसुदा समितीच्या अध्यक्षांनी इंग्रजीचा श्रीगणेशा साताऱ्यात केला होता. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या नावाने साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, इंग्रजी पहिलीत त्यांचा प्रवेश झाला. २०१७ पासून राज्यात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. भाषणं होतात, फोटोला हार घातले जातात. ‘इंग्रजी पहिली’ या शब्दांवर मात्र कुणी थांबत नाही. त्या काळी मूल आधी मराठी इयत्ता पुऱ्या करायचं आणि मग इंग्रजी पहिलीत जायचं. मराठीचा पाया भरलेला असायचा, इंग्रजी त्यावर चढायची. महाराष्ट्रात २००० सालापासून, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, इंग्रजी पहिलीपासून आली. तो निर्णय चुकीचा होता असं इथे म्हणायचं नाही. खेड्यातल्या पोरांना इंग्रजी उशिरा मिळावं आणि शहरातल्यांना आधी, यात न्याय नव्हताच. पण क्रम बदलला तेव्हा दोन भाषांचा सांधा कुठे जुळवायचा हे ठरवायला हवं होतं, ते राहून गेलं.

हा सांधा एकदा जुळवला गेला होता, आणि तोही याच भागातल्या माणसाच्या हातून. टेंभू हे नाव आज ऐकलं की सांगलीकरांना उपसा सिंचन योजना आठवते; कराडजवळ कृष्णेचं पाणी उचलून खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळकडे नेणारी. त्याच टेंभूत १८५६ मध्ये गोपाळ गणेश आगरकर जन्मले. समाजसुधारक आगरकर सगळ्यांना ठाऊक आहेत, ‘केसरी’चे पहिले संपादक आगरकरही. वैयाकरण आगरकर मात्र कपाटात राहिले. १८८८ मध्ये त्यांचं वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण या विषयावरचं पुस्तक निघालं. इंग्रजी व्याकरणात वाक्य फोडायची जी रीत होती, ती मराठी वाक्याला लावून बघण्याचा तो उद्योग होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी ‘सुधारक’ काढला. एकाच पत्रात मराठी मजकूर आणि इंग्रजी मजकूर, इंग्रजीची बाजू गोपाळ कृष्ण गोखल्यांकडे. एका भाषेकडून दुसरीकडे जाण्यात या माणसांना कमीपणा वाटत नव्हता आणि चोरीही वाटत नव्हती.

वाक्यपृथक्करणात उद्देश्य, विधेय, उद्देश्यविस्तार, कर्मविस्तार, विधेयविस्तार असे शब्द येतात. जुन्या मॅट्रिकवाल्या आजोबांना ते अजून तोंडपाठ असतील. आता फळ्यावरचा प्रश्न या शब्दांत विचारून बघावा: ‘इन द शेड’ हा कर्मविस्तार की विधेयविस्तार? कर्मविस्तार असेल तर गोठ्यातले बैल, विधेयविस्तार असेल तर गोठ्यात बैल. रत्नपारखींच्या यंत्राला १९९४ मध्ये जे विचारलं गेलं ते हेच. ते विचारायचे शब्द मराठी शाळेत पिढ्यान्‌पिढ्या घोकून घेतले गेले आणि मग कंटाळवाणे म्हणून बाजूला सारले गेले. कंटाळवाणे होतेच ते, कारण ते कशासाठी आहेत हे कुणी सांगत नव्हतं.

आजच्या वर्गात काय दिसतं? बऱ्याच इंग्रजी शाळांत मराठी बोललं की दंड किंवा वहीत शेरा. सेमीच्या वर्गात गणित आणि विज्ञान इंग्रजीत, बाकीचं मराठीत, आणि गणिताच्या शिक्षकाला वाटतं वाक्य समजावणं हे इंग्रजीच्या शिक्षकाचं काम. मग शाब्दिक उदाहरण येतं. सांगलीच्या हळदीचंच समजू या, जिला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं: ‘काउंट द बॅग्ज इन द ट्रक विथ अ रेड मार्क.’ मार्केट यार्डातल्या हमालाला कुणी “ट्रकमधली लाल खुणेची पोती मोज” म्हटलं तर तो खुणेची तेवढी मोजेल. “लाल खुणेच्या ट्रकमधली पोती मोज” म्हटलं तर तो आधी ट्रक हुडकेल आणि त्यातली सगळी मोजेल. दोन्हीचं उत्तर वेगळं. इंग्रजी वाक्यातून यातलं कुठलं घ्यायचं? पेपर काढणाऱ्याच्या मनात एक अर्थ असतो, मुलाच्या मनात दुसरा येतो, आणि गुण गणिताचे जातात.

इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावं, मध्ये मराठी आणली की मूल कायम भाषांतर करत राहतं, असा एक आक्षेप येतो. त्यात तथ्य आहे. ‘हाउ आर यू’ला उत्तर देताना डोक्यात मराठीचा फेरा मारायची गरज नाही. ऐकणं, बोलणं, गोष्ट सांगणं हे थेटच व्हावं. पण अडलेल्या वाक्याची गाठ सोडवणं हे निराळं काम आहे. तिथे ‘इंग्रजीतच विचार कर’ हा सल्ला म्हणजे ज्या भाषेत दोन अर्थांना वेगळी रूपंच नाहीत, त्याच भाषेत त्यांचा फरक शोध म्हणून सांगणं. इंग्रज माणूसही अशा वेळी वाक्य फिरवून सांगतो, ‘द बुलक्स दॅट आर इन द शेड’ म्हणतो. मराठी मुलाला एवढा वळसा पडत नाही. शिक्षकाने “गोठ्यात की गोठ्यातले?” एवढं मराठीत विचारलं तर अर्ध्या मिनिटात वर्ग दोन्ही बाजूंनी हात वर करतो, आणि वाक्य दुतोंडी आहे हे मुलांना स्वतःच कळतं. “सर, हे दोन्ही होतंय,” असं म्हणणारं मूल कच्चं नसतं. त्याला पूर्ण गुण द्यायला हवेत.

मराठी म्हणजे सगळं आरशासारखं लख्ख, असा समज मात्र कुणी करून घेऊ नये. ‘पोलिसांनी पळताना चोराला पकडले’ या वाक्यात पळत कोण होतं? ‘ताना’ दोघांनाही लागतो. ‘नव्या शाळेच्या इमारतीत’ म्हटलं तर नवी शाळा की नवी इमारत, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, कारण सामान्यरूप झालं की दोघींचं ‘नव्या’च होतं. आणि निमंत्रणपत्रिकांचा तर स्वतंत्र ग्रंथ होईल. ‘पालकमंत्र्यांच्या हस्ते बांधलेल्या पुलाचे उद्घाटन’ असं छापलेलं वाचलं की साहेब पाटी-फावडं घेऊन ओढ्यात उतरलेले डोळ्यांपुढे येतात. ‘बांधलेल्या पुलाचे पालकमंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन’ असं दोन शब्द सरकवून लिहिलं की काम होतं, पण हाताची सवय जात नाही.

सरकारी मराठीचा दोष आणखी निराळा आहे. इंग्रजी मसुदा समोर ठेवून ओळीने केलेलं भाषांतर असल्यामुळे तिथे ‘च्या’ आणि ‘ील’ यांची माळच लागते: जिल्ह्यातील शाळांतील शिक्षकांच्या बदल्यांबाबतच्या तक्रारींबाबत. प्रत्येक शब्द पुढच्याला बांधलेला, व्याकरण निर्दोष, आणि शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली. इंग्रजीत तुकडे सुटे पडतात, इथे ते एकमेकांत अडकून बसतात. ‘जिल्ह्यातल्या शिक्षकांनी बदल्यांबद्दल तक्रारी केल्या आहेत’ असं क्रियापद घालून लिहायला कारकुनाला कुणी मनाई केलेली नाही. उलट, इंग्रजी आणि मराठी दोन्हींकडे ‘हे कुणाला चिकटलंय?’ या एकाच नजरेने बघायला शिकलेला मुलगा पुढे तहसील कचेरीत टेबलावर बसला तर त्याचं परिपत्रक लोकांना एका वाचनात कळेल.

यासाठी नवा अभ्यासक्रम नको, नवी समिती तर नकोच. रयत शिक्षण संस्थेच्या शाळा साताऱ्याच्या कानाकोपऱ्यात आहेत. आगरकर ज्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक, तिचं विलिंग्डन कॉलेज १९१९ पासून सांगलीत विश्रामबागला उभं आहे. या दोन्ही ठिकाणी मराठीचे आणि इंग्रजीचे शिक्षक एकाच खोलीत चहा पितात. मराठीच्या बाईंनी अव्ययसाधित विशेषण ज्या आठवड्यात घ्यायचं, त्याच आठवड्यात इंग्रजीच्या सरांनी प्रिपोझिशन घ्यावं, आणि एकमेकांची उदाहरणं उसनी न्यावीत. अजिंक्यताऱ्याचं वाक्य फळ्यावर लिहून पाच अर्थ मुलांकडून काढून घ्यायला एक तास पुरतो. चौथा अर्थ बहुधा मागच्या बाकावरून येईल.

आणि सेमीच्या गणिताचा पेपर छापायला जाण्याआधी तो मराठीच्या शिक्षकाकडे एकदा फिरवावा. पोती ट्रकमध्ये मोजायची, ट्रकमधली मोजायची, की लाल खुणेच्या ट्रकमधली, हे तिथे चहा गार व्हायच्या आत विचारून होतं, आणि तो प्रश्न पेपर काढणाऱ्याने त्याच दिवशी बदलून घ्यावा.